लग्नाच्या केकची साखर

१

साखर गेल्याचं पहिल्यांदा कळलं ते गॅस्किनबाईंना, आणि गॅस्किनबाईंना कळलं म्हणजे ऑर्डवे गावात दवंडी पिटायची गरजच उरली नाही. बुधवारी सकाळी त्या केकच्या तयारीला चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात उतरल्या. कपाटाचं कुलूप काढून त्यांनी पत्र्याचा मोठा डबा उचलला, तर तो हाताला इतका हलका लागला की बाई मागच्या मागे खुर्चीत बसल्या.

त्या डब्यात व्हर्नाच्या लग्नाची साखर होती. कुपनावर मिळणारी साखर घरच्या कॉफीला पुरत नाही, तिथे तीन मजली केक कुठून करणार? म्हणून गावातल्या बायकांनी आपापल्या वाटणीतली कपभर साखर कागदी पुडीत बांधून, वर आपलं नाव घालून आणून दिली होती. लढाई सुरू झाल्यापासून गावात ही रीतच पडली होती. नवरा मुलगा चार दिवसांच्या रजेवर यायचा, पुन्हा कधी दिसेल त्याचा भरवसा नाही. त्याच्या लग्नाचा केक तरी गोड असावा, एवढंच.

व्हर्ना ही टिल्डनबाईंची भाची. आईबापांमागे बाईंनीच तिला लहानाची मोठी केली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पण स्वभाव थोडाच निवृत्त होतो! आता त्या दुकानादुकानांत जाऊन सरकारनं ठरवलेल्या भावापेक्षा कुणी जास्त घेत नाही ना, ते बिनपगारी बघत. त्यांची टोपी कोपऱ्यावर दिसली की अंड्यांचा भाव आपोआप उतरतो, असं गावात म्हणत.

त्या तळघरात आल्या तेव्हा तिथे बाजार भरला होता.

"कुलूप शाबूत," गॅस्किनबाई म्हणाल्या, "म्हणजे किल्ली असलेल्यानंच नेली. किल्ल्या तीनच. एक माझ्याकडे, महिला मंडळाची अध्यक्षा म्हणून. दुसरी नेल्स ब्रेकहुसकडे, शेगडीत कोळसा घालायला. आता नवरदेवाचा बाप सुनेच्या केकची साखर चोरणार आहे का? आणि तिसरी त्या पाववाल्या ऑटोकडे. रविवारचा पाव ठेवायला दिलेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, जर्मन माणसाच्या हाती चर्चची किल्ली नको."

"ऑटो या गावात तुमच्या आधीपासून आहे, मर्टल," टिल्डनबाई गॅस्किनबाईंना म्हणाल्या.

"असेल. पण आज त्याच्या दुकानात गोड पाव मांडलेत. काचेत, सगळ्यांना दिसतील असे. महिनाभर दिसले नव्हते, ते आजच बरे उगवले!"

टिल्डनबाईंनी कपाटात डोकावून पाहिलं. डब्याच्या शेजारीच कॉफीचं खोकं होतं. खालच्या फळीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं लोणी होतं. दोन्हींना कुणी बोट लावलेलं नव्हतं. जमिनीवर साखरेचा एक कणही सांडलेला नव्हता.

"शनिवारी सकाळी रेशन मंडळाची बैठक आहे," गॅस्किनबाईंनी शेवटचा वार केला. "त्याच्या भट्टीची साखर बंद करा, असा अर्ज मी देणार. साखर नाही म्हणजे भट्टी बंद. आणि भट्टी बंद म्हणजे तो गावातून गेला."

शनिवारी सकाळी बैठक आणि शनिवारीच दुपारी लग्न. बाई तळघराच्या पायऱ्या चढून वर आल्या, तोच रस्त्याच्या टोकाकडून काच फुटल्याचा आवाज आला.

२

दगड पावाच्या दुकानाच्या काचेतून आत पडला होता. ऑटो क्लाइनहान्स गुडघ्यांवर बसून काचा वेचत होता. फुटलेल्या काचेच्या वर, खिडकीच्या चौकटीत, पांढऱ्या कापडावरचा निळा तारा तसाच लटकत होता. घरातला मुलगा लढाईवर असला की खिडकीत असा तारा लावायचा. मुलगा कामी आला की त्या निळ्यावर सोनेरी तारा शिवायचा. ऑटोचा मुलगा आफ्रिकेत लढत होता, त्याच्या बापाच्या जातभाईंशीच.

"दगड मारताना तारा दिसला नाही का मेल्यांना?" बाई म्हणाल्या.

"दिसला असेल. म्हणून तर जरा खाली मारला." ऑटोनं एक गोड पाव पुढे केला. "खा. मग विचारा काय विचारायचं ते."

बाईंनी तुकडा मोडला. गोड होता, पण ती गोडी जिभेवर जड बसणारी होती.

"मक्याचा पाक," त्या म्हणाल्या.

"तोच. परवा मालगाडीनं पिंप आलं. पावती आहे, पण पावती कोण बघतो? व्हर्नाच्या केकला पुडीतली साखर कमी पडली असती, म्हणून मी पाकाचा अंदाज घेत होतो. कुणाला सांगितलं नाही. नवरीला अचानक दाखवायचं होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण ऑटो निर्दोष आहे असं बाईंच्या मनानं घेतलं, तेवढ्यानं मंडळ थोडंच ऐकणार होतं?

तिथून त्या थेट गॅस्किनबाईंच्या घरी गेल्या. संशय घ्यायचा तर सगळ्यांचा सारखा घ्यावा, हा शाळेतला नियम.

"माझ्या तळघराची झडती?" गॅस्किनबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अध्यक्षेची?"

"अध्यक्षा म्हणून तुम्ही आधी दाखवा. मग दुसऱ्याला विचारायला मला तोंड राहील."

तळघरात साखर नव्हती. मात्र एका गोधडीखाली कॉफीचे डबे होते, कुपनावर दोन वर्षांत मिळणार नाहीत इतके. गॅस्किनबाईंचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

"लढाईच्या आधी घेतलेत," त्या पुटपुटल्या.

"असतील. मी कॉफी शोधायला आलेले नाही, मर्टल. पण अर्ज लिहिताना ही गोधडी आठवा."

परतताना जोसी पिकरेल म्हातारीनं खिडकीतून हाक मारली. जोसीचं घर चर्चच्या समोर, आणि तिची खुर्ची कायम त्या खिडकीत. गावाची खबर गावाच्या आधी तिला लागते.

"मंगळवारी संध्याकाळी चर्चमध्ये कोण आलं म्हणून विचारतेस ना? तिघंही आले. मर्टल आली, लोणी ठेवून गेली. ऑटो पावाची टोपली घेऊन आला. नेल्स बादली घेऊन आला, बादली घेऊन गेला. घे, झाला का उलगडा?"

"कशाचा उलगडा, जोसी! होतं तिथेच."

"मंगळवारचं सोड गं. सोमवारी दुपारी माझा जीव गेला होता. नेल्स काळा कोट घालून पायी येताना दिसला."

नेल्स ब्रेकहुस स्टेशनवरचा तारमास्तर. साधी तार असली की तो सायकलवर टांग टाकून, घंटी वाजवत येई. पण लढाईवरची वाईट तार आली की सायकल स्टेशनवर ठेवी, बायकोच्या दफनाच्या वेळी शिवलेला काळा कोट चढवी आणि पायी निघे. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मरणाची बातमी घंटी वाजवत नेऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. तो कोट दिसला की रस्त्यावरची दारं एकामागून एक लागत, आणि दारांआड बायका श्वास धरून उभ्या राहत.

"माझं दार ओलांडलं त्यानं," जोसी सांगत होती. "नातू वाचला म्हटलं. मग मर्टलचं ओलांडलं. मग ऑटोचं, मग तुझं. कुणाच्या म्हणता कुणाच्याच दारात थांबला नाही बघ! सरळ आपल्या घरी गेला जेवायला. देवाची कृपा. उगाच घाबरवलं मेल्यानं."

"देवाची कृपाच," टिल्डनबाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

३

गुरुवारी व्हर्ना पडद्याच्या जुन्या जाळीतून शिवलेला झगा घालून आरशापुढे उभी होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी बोलणं चालूच.

"आत्या, साखरेचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. केक नसला तर नसला. आर्ने म्हणेल, मक्याची भाकरी कापू. त्याला काय, जहाजावर वाळकी बिस्किटं खाऊन दात झिजलेत."

आर्ने ब्रेकहुस, नेल्सचा एकुलता एक मुलगा. ऑर्डवेची बाकी सगळी पोरं पायदळात गेली. हा एकटा नौदलात. जन्मात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून. अटलांटिकवर मालाच्या जहाजांना सोबत करणाऱ्या एका जहाजावर तो होता. शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीनं यायचा होता.

"नेल्सकाकांना दाखवलास का झगा?"

"काल दाखवला ना. 'छान आहे' म्हणाले. आणि लगेच वळून घड्याळाला किल्ली द्यायला लागले. तू त्यांना एकदा जेवायला बोलाव गं. साखर गेल्यापासून फार खचलेत. म्हणत होते, लग्न पुढे ढकललं तर? साखर पुन्हा जमेपर्यंत?" व्हर्ना हसली. "केकसाठी कुणी लग्न पुढे ढकलतं का? आणि ते घर बघ कसं झालंय! खिडकीतला तारा काढून ठेवलाय, धुवायला म्हणून. आर्ने आल्यावर खिडकीत तारा नको का? मी म्हटलं द्या, मी धुते, तर नको म्हणाले."

टिल्डनबाईंच्या हातातली सुई थांबली.

"कधी काढलाय तारा?"

"मंगळवारी नव्हता. का गं?"

"काही नाही. हातभर कापड, आणि अजून वाळलं नाही, म्हणून म्हटलं."

त्यांनी टोपी घातली. बाहेर एप्रिलचा चिखल होता, पण त्या स्टेशनपर्यंत गेल्या आणि तिथून उलट्या फिरल्या, नेल्स सोमवारी चालत आला त्याच रस्त्यानं. चालता चालता त्या एकेक खिडकी बघत गेल्या.

चोराला साखर नको होती, हे त्यांना तळघरातच कळायला हवं होतं. लोणी नुकतंच कुपनावर गेलेलं. काळ्या बाजारात त्याला साखरेहून जास्त भाव. कॉफीलाही तसाच. ज्याला विकायचं किंवा खायचं होतं तो हे दोन्ही ठेवून कसा जाईल? ज्यानं साखर नेली त्याला केक व्हायला नको होता. केक नाही तर लग्न लांबेल, अशी त्याची भाबडी आशा.

आणि काळा कोट. नेल्सनं तो कोट वाईट तारेशिवाय कधी घातला नव्हता. मग सोमवारी तार होतीच. जोसीच्या खिडकीत निळा तारा. गॅस्किनबाईंच्या खिडकीत निळा. ऑटोच्या फुटक्या काचेवर निळा. रस्ताभर कुठेही नवा सोनेरी तारा नव्हता. कुणाच्याच दारात थांबला नाही, असं जोसी म्हणाली होती. पण तो थांबला होता. एका दारात थांबला होता आणि आतही गेला होता. सगळ्या रस्त्यानं पाहिलं आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. टिल्डनबाई नेल्सच्या घरासमोर उभ्या राहिल्या. खिडकी उघडीबोडकी होती. जिथे तारा असायचा तिथल्या काचेवर चौकोनी डाग तेवढा उरला होता. त्यांना रडू आलं. भररस्त्यात, टोपी घातलेल्या बाईला शोभत नाही असं रडू.

रात्रभर त्यांच्या मनात एकच होतं. खरं सांगितलं नाही तर एका निरपराध माणसाची भट्टी जाते. सांगितलं तर आपल्याच पोरीचं सगळं जातं.

४

शुक्रवारी दुपारी स्टेशनवर कुणी नव्हतं. तारेचं यंत्र आपलं कटकटत होतं. नेल्स ब्रेकहुस टेबलाशी बसला होता. काळा कोट खुंटीला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला सरकारी चित्र चिकटवलेलं होतं, बुडणाऱ्या जहाजाचं. खाली लिहिलेलं, सैल जिभेपायी जहाजं बुडतात. ते नेल्सनंच हौसेनं चिकटवलं होतं.

"साखर सामानघरात आहे ना?" बाईंनी विचारलं.

नेल्स उठला. त्यानं सामानघराचं दार उघडलं. सगळ्यांत वरच्या फळीवर, ओल लागणार नाही अशा जागी, सगळ्या पुड्या ओळीनं मांडल्या होत्या. एकही सुटलेली नव्हती.

"ज्याची त्याला परत करणार होतो," तो म्हणाला. "मी चोर नाही, टिल्डनबाई."

"ठाऊक आहे. म्हणून तर इतका वेळ लागला. ऑटोवर आळ आलाय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"शनिवारी मंडळात जाऊन सांगणार होतो, साखर मी घेतली म्हणून. का घेतली ते विचारलं असतं तर गप्प बसलो असतो."

"मग आता गप्पच बसा. मी बोलते. चुकलं तर मान हलवा." बाई म्हणाल्या. "सोमवारी आर्नेची तार आली."

नेल्सनं मान हलवली नाही.

"व्हर्नाला का नाही सांगितलंत हो? चार दिवस ती झगा शिवतेय!"

"हुकूम नाही." त्यानं खुंटीवरच्या कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुम्ही तुमचं ओळखलंत. मी सांगितलेलं नाही. वाचा."

तार नेल्सच्याच अक्षरात होती. अक्षर जरासुद्धा हललेलं नव्हतं. आपला मुलगा देशसेवेत कामी आला, हे कळवताना दु:ख होतं, वगैरे. शेवटची ओळ मात्र बाईंनी आधी कुठल्याच तारेत पाहिली नव्हती. शत्रूला मदत होऊ नये म्हणून त्याच्या जहाजाचं वा ठिकाणाचं नाव कृपया उघड करू नये.

"इतक्या तारा उतरवल्या, कुठल्याच तारेत हे नव्हतं," नेल्स म्हणाला. "ह्या एकाच तारेत आलं. उघड करू नये. मला का लिहिलं ते मी समजलो. महिन्यापूर्वी त्याचं पत्र आलं, जहाज अमुक दिवशी बंदराला लागेल, रजा मिळेल. मी दुकानात सांगितलं. न्हाव्याकडे सांगितलं. येणाऱ्याजाणाऱ्या उतारूंना सांगितलं, ह्याच चित्राखाली उभं राहून. माझा आर्ने येतोय, लग्न आहे, या म्हणून. कुणाच्या कानावर गेलं असेल कोण जाणे. माझ्या जिभेनं बुडवलं त्याला. आता सरकार म्हणतं तोंड बंद ठेव, तर ठेवतो."

टिल्डनबाई खुर्चीवर टेकल्या. आयुष्यभर पोरांना धडे समजावले, पण इतकी साधी ओळ समजावताना त्यांची जीभ कधी अशी जड झाली नव्हती.

"नेल्स, ही ओळ नौदलाच्या तारेत सगळ्यांनाच येत असणार. आपल्या गावातून नौदलात आर्ने एकटाच गेला, म्हणून तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत. नुसतं जहाजाचं नाव सांगायचं नाही. पोरगा गेला हे सांगायची बंदी नाही. आणि ऑर्डवेच्या न्हाव्याकडे एक बाप आनंदानं बोलला, तेवढ्यानं जहाज बुडत नाही हो."

नेल्सनं कागद परत घेतला. चष्मा लावला. ती ओळ बोट ठेवून वाचली, मग पुन्हा वाचली.

"म्हणजे सांगता येतं?"

"येतं."

"पहिल्या दिवसापासून येत होतं?"

तेव्हा कुठे तो म्हातारा टेबलावर डोकं ठेवून रडला. रडता रडता सांगत राहिला. "यंत्र वाजतं तसा हात लिहितो, टिल्डनबाई, डोकं लागतच नाही. आधी गाव आलं, मग पत्ता आला. म्हटलं, हा तर माझ्या शेजारचाच कुणी दिसतो. मग नाव आलं. हात थांबला नाही हो. लिहीतच राहिला."

"आणि कोट? घरी जायचं होतं, तर कोट कशाला घातलात?"

"सगळ्यांच्या पोरांसाठी घातला," नेल्स म्हणाला. "माझ्या पोरासाठी नको?"

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

"पोरीला तुम्ही सांगाल?"

"सांगेन. तिची आत्या आहे मी."

"नको." तो उठून उभा राहिला. "तार पोचवायचं काम माझं आहे. तुम्ही पुढे व्हा. फक्त तिच्याजवळ उभ्या राहा."

५

वाटेत टिल्डनबाई पावाच्या दुकानात थांबल्या. रांगेत गॅस्किनबाईही होत्या, गोड पाव घ्यायला नाही, कोण घेतं ते बघायला.

"साखर सापडली," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पुडीन् पुडी आहे. ऑटोचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. कुणी नेली ते संध्याकाळी कळेल, आणि कळल्यावर कुणी तोंड उघडू नये. काय मर्टल?"

टिल्डनबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. गॅस्किनबाईंनी पर्समधून अर्ज काढला, चार तुकडे केले आणि मुकाट्यानं एक पाव मागितला.

"पाक राहू द्या, ऑटो," टिल्डनबाई हळूच म्हणाल्या. "केकही राहू द्या."

घरी व्हर्ना निळ्या झग्याला इस्त्री करत होती. संध्याकाळच्या गाडीला हाच घालून जायचा होता. केस कागदाच्या गुंडाळ्यांत बांधलेले, गाल इस्त्रीच्या वाफेनं लाल.

"आत्या, कुठे होतीस? गाडी वेळेवर आहे का गं? नेल्सकाका काय म्हणाले?"

बाई टोपी न काढताच तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात बाहेर जोसीचं दार लागल्याचा आवाज आला. मग आणखी एक दार लागलं.

व्हर्नानं खिडकीचा पडदा सारला. ओल्या रस्त्यानं, काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन नेल्स ब्रेकहुस पायी येत होता. जोसीचं दार मागे पडलं. गॅस्किनबाईंचं मागे पडलं. ऑटोच्या फुटक्या काचेसमोरून तो पुढे आला.

"अगंबाई," व्हर्ना हळूच म्हणाली. तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि आत्याचा हात धरला. "आजच्या दिवशी नको होतं गं हे. बिचारे नेल्सकाका, स्वतःचा मुलगा यायच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे. कुणाचं असेल गं, आत्या?"

टिल्डनबाईंनी तिचा हात घट्ट धरला. नेल्सनं त्यांच्या कुंपणाचं फाटक उघडलं.